संगणक अडतो तेव्हा

(अर्ज, पत्रे आणि तक्ते तयार करण्याचे काम आता खेड्यापाड्यांतही संगणकावर होते. हे काम करणारा प्रोग्रॅम सुरू होतानाच अडून बसला, तर पुष्कळ माणसे गोंधळून जातात. अशा वेळी दोष कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'दप्तर' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तुम्ही कचेरीला 'दफ्तर' म्हणता. मराठीत हा शब्द आला आणि त्याचा अर्थ थोडा बदलला. मराठीत शाळेच्या पिशवीला दप्तर म्हणतात आणि कचेरीत जपून ठेवलेल्या कागदपत्रांनाही दप्तर म्हणतात. अर्ज, नक्कल, दस्तऐवज, तहसील हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. आता हे सारे दप्तर हळूहळू कागदावरून संगणकात जात आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी नावाचे गाव आहे. 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी येथे उपोषण सुरू केले आणि या गावाचे नाव देशभर पोहोचले. त्यानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी तपासण्याचे काम या समितीकडे होते. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाची राजभाषा उर्दू होती. त्यामुळे पुष्कळ जुन्या नोंदी उर्दूत आहेत, तर काही मोडी लिपीत आहेत. त्या वाचायच्या, त्यांचे मराठी करायचे आणि ते संगणकावर उतरवायचे, असे हे काम आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला अशा कामात फार मान असतो.

आता अशी कल्पना करा. अंतरवाली सराटीची एक विद्यार्थिनी आजोबांच्या काळातील एका उर्दू कागदाचे मराठी भाषांतर घेऊन टंकलेखनाच्या दुकानात गेली आहे. दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपते. दुकानदाराने 'वर्ड' हा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर निळी पाटी आली आणि तेथेच थांबली. माउस हलतो, पण प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. थोड्या वेळाने 'प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसला. आता काय करावे? संगणकाचे बटण बंद करावे? सारे सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालावे? मराठीत एक म्हण आहे, 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. दोष एका जागी आणि उपाय भलत्याच जागी, असे होऊ नये. म्हणून आधी दोष कोठे आहे ते शोधावे.

त्यासाठी प्रोग्रॅम सुरू होताना काय घडते ते समजून घेऊ. आपण चित्रावर टिचकी मारतो तेव्हा प्रोग्रॅम डिस्कवरून संगणकाच्या स्मृतीत येतो. मग तो आपले सामान गोळा करतो. अक्षरांचे फाँट पाहतो. कोऱ्या पानाचा साचा उघडतो. इतर कंपन्यांनी त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम सुरू करतो. या छोट्या प्रोग्रॅमना 'ॲड-इन' म्हणतात. पानाची मापे ठरवण्यासाठी तो प्रिंटरचीही चौकशी करतो. यांपैकी एकाकडूनही उत्तर आले नाही, तर प्रोग्रॅम वाट पाहत थांबतो. एखादा प्रोग्रॅम 5 सेकंद काहीच प्रतिसाद देत नसेल, तर विंडोज त्याला 'प्रतिसाद देत नाही' असे ठरवते. याचा अर्थ प्रोग्रॅम मेला असा नाही. तो बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो. कोणाची, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

पहिली पायरी म्हणजे थोडे थांबणे. संगणक जुना असेल, किंवा नुकताच सुरू केलेला असेल, तर दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. या वेळात पुन्हा पुन्हा टिचकी मारू नये. त्याने प्रोग्रॅमच्या आणखी प्रती उघडू लागतात आणि संगणकावरचा भार वाढतो.

दुसरी पायरी म्हणजे अडलेली प्रत बंद करणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. संगणकात चालू असलेले सर्व प्रोग्रॅम त्याच्या यादीत दिसतात. कधी कधी सकाळी बंद केलेला वर्ड पूर्ण बंद झालेला नसतो. तो पडद्याआड तसाच अडकलेला असतो आणि नव्या प्रतीला अडवतो. यादीत तो निवडून 'एंड टास्क' करावे. मात्र त्यापूर्वी एखादे काम जतन करायचे राहिले नाही ना, हे पाहावे. जतन न केलेला मजकूर येथे जाऊ शकतो.

तिसरी पायरी म्हणजे एक प्रश्न विचारणे : अडले आहे ते एकटे वर्ड, की सारा संगणक? 'नोटपॅड'सारखा छोटा प्रोग्रॅम उघडून पाहावा. तोही उघडत नसेल, तर दोष संगणकात आहे. डिस्क भरली असेल किंवा स्मृती कमी पडत असेल. नोटपॅड चटकन उघडला, तर दोष वर्डमध्ये किंवा त्याच्या सामानात आहे. एका प्रश्नाने आपला अर्धा शोध संपतो.

चौथी पायरी फाइलची आहे. पुष्कळ जण फाइलवरच टिचकी मारून वर्ड उघडतात. ती फाइल बिघडलेली असेल, तर दोष फाइलचा आणि बदनामी वर्डची. म्हणून आधी नुसता वर्ड उघडावा. कोरे पान आले, तर वर्ड ठीक आहे. पेन ड्राइव्हवरची फाइल असेल, तर ती संगणकात उतरवून घ्यावी आणि मग उघडावी. वर्डमध्ये फाइल उघडून दुरुस्त करण्याचीही सोय आहे. तिला 'ओपन अँड रिपेअर' म्हणतात.

नुसता वर्डही अडत असेल, तर पाचवी पायरी चढावी. ही सर्वांत उपयोगी पायरी आहे. कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि वर्डच्या चित्रावर टिचकी मारावी. 'सेफ मोडमध्ये सुरू करू का?' असे संगणक विचारतो. 'होय' म्हणावे. सेफ मोड म्हणजे सुरक्षित अवस्था. या अवस्थेत वर्ड ॲड-इन आणि आपण केलेले फेरबदल बाजूला ठेवून सुरू होतो. 'लिबर ऑफिस' या मोफत सॉफ्टवेअरमध्येही 2017 पासून सेफ मोड आहे. विंडोजच्या स्टार्ट यादीत त्याचे वेगळे चित्र असते.

सेफ मोडमध्ये वर्ड उघडला, तर तो स्वतः निरोगी आहे. दोष बहुधा ॲड-इनमध्ये आहे. फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲड-इन्स असे गेले की त्यांची यादी मिळते. येथे थोडे गणित कामाला येते. समजा, यादीत 8 ॲड-इन आहेत. एकेक बंद करून पाहिले, तर 8 वेळा खटपट करावी लागेल. त्याऐवजी 4 बंद करावेत आणि वर्ड नेहमीसारखा सुरू करावा. तो चालला, तर दोषी बंद केलेल्या 4 मध्ये आहे. तो अडला, तर दोषी चालू असलेल्या 4 मध्ये आहे. मग त्या 4 चे 2 आणि 2 चा 1. दोषी एकच असेल, तर तो फक्त 3 वेळा तपासून सापडतो. 16 ॲड-इन असते, तरी 4 तपासण्या पुरल्या असत्या.

सारे ॲड-इन बंद करूनही वर्ड नेहमीच्या रीतीने उघडत नसेल, तर कोऱ्या पानाच्या साच्यावर संशय घ्यावा. या साच्याच्या फाइलला 'नॉर्मल डॉटएम' म्हणतात. वर्ड बंद करून या फाइलचे नाव बदलावे. वर्डला जुना साचा सापडत नाही, म्हणून तो नवा साचा तयार करतो. जुनी फाइल मात्र पुसू नये. तिच्यात आपण केलेल्या काही सोयी असतात. दोष दुसरीकडे निघाला, तर जुने नाव देऊन ती परत आणता येते.

सेफ मोडमध्येही वर्ड अडला, तर प्रिंटरकडे पाहावे. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण ठरवून ठेवलेला प्रिंटर बंद असेल, किंवा दुसऱ्या खोलीतल्या संगणकाला जोडलेला असेल, तर वर्ड त्याच्या उत्तराची वाट पाहत राहू शकतो. विंडोजमध्ये छापण्याऐवजी पीडीएफ फाइल करणारा एक प्रिंटर असतो. तो कागदावर नसून फाइलवर छापतो. थोडा वेळ तोच मुख्य प्रिंटर म्हणून निवडावा आणि वर्ड उघडून पाहावा.

एवढे करूनही जमले नाही, तर दुरुस्तीची पायरी येते. कंट्रोल पॅनेलमध्ये ऑफिस सॉफ्टवेअर निवडून 'चेंज' म्हटले, की दोन प्रकारच्या दुरुस्त्या दिसतात. 'क्विक रिपेअर' लवकर होते आणि तिला इंटरनेट लागत नाही. 'ऑनलाइन रिपेअर'ला अधिक वेळ आणि इंटरनेट लागते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. पुष्कळ जण मात्र तेथूनच सुरुवात करतात. त्यांचा अर्धा दिवस जातो, आणि दोष प्रिंटरमध्ये असेल तर तो जसाच्या तसा राहतो.

हे सारे करताना तीन नियम पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. बदल उपयोगी पडला नाही, तर तो परत पूर्ववत करावा. आणि केलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहावी. उर्दूत ज्याला 'तश्खीस' म्हणतात, त्याला मराठीत 'निदान' म्हणतात. चांगला हकीम नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही.

आता त्या दुकानातील विद्यार्थिनीकडे वळू. वर्ड दुरुस्त होईपर्यंत तिचे काम थांबायला हवे का? नाही. तिसऱ्या पायरीवर नोटपॅड उघडला होता. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर तो नोटपॅडमध्येही टंकता येतो आणि नंतर वर्डमध्ये नेता येतो. दोष शोधताना आपल्याला हेही कळते की काय बिघडले आहे आणि काय शाबूत आहे. जे शाबूत आहे, त्यावर आजचे काम चालवता येते.

जुन्या उर्दू कागदावर एखाद्या कुटुंबाचा हक्क अवलंबून असू शकतो. तो कागद वाचणारे डोळे आणि त्याचे मराठी करणारी भाषा तुमच्याजवळ आहे. अडलेले यंत्र शांतपणे मार्गी लावण्याची रीतही तुम्ही शिकलात, तर मुदतीच्या आदल्या संध्याकाळी आलेला माणूस तुमच्या दारातून निराश होऊन परत जाणार नाही.

शब्दार्थ
मुदत – ठरवून दिलेला काळ
टंकलेखन – कळा दाबून मजकूर लिहिणे
टिचकी मारणे – माउसचे बटण दाबणे
स्मृती – संगणकाची आठवण ठेवण्याची जागा
प्रतिसाद – उत्तर
निदान – रोगाचे किंवा दोषाचे कारण ओळखणे
पूर्ववत – पहिल्यासारखे
शाबूत – न बिघडलेले, सुस्थितीत असलेले

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हैदराबाद संस्थानाची राजभाषा कोणती होती?
(आ) टास्क मॅनेजर उघडण्यासाठी कोणत्या तीन कळा दाबतात?
(इ) 'क्विक रिपेअर' आणि 'ऑनलाइन रिपेअर' यांत काय फरक आहे?

2. कारणे द्या.
(अ) प्रोग्रॅम उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा टिचकी मारू नये.
(आ) साच्याची जुनी फाइल पुसू नये.
(इ) एका वेळी एकच बदल करावा.

3. 32 ॲड-इनपैकी एकच दोषी आहे. निम्मे निम्मे करत गेल्यास किती तपासण्या लागतील? रीत लिहून दाखवा.

4. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' या म्हणीचा अर्थ सांगून तुमच्या अनुभवातील एक उदाहरण लिहा.

5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द या पाठातून शोधा. त्यांचा दोन्ही भाषांतील अर्थ सारखाच आहे की वेगळा, ते लिहा.

6. उपक्रम : घरात बिघडलेली एखादी वस्तू निवडा. दोष शोधण्यासाठी तुम्ही कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने विचाराल, ते वहीत लिहा.