जाहिरातीतला साचा

फाउंड्रीमध्ये साचा एकदा तयार झाला की त्यातून निघणारा प्रत्येक जॉब सारखाच येतो. टीव्हीवरच्या जाहिरातींचंही तसंच आहे. तीस सेकंदांत माणूस समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून तयार साचे वापरतात. कपडे धुणारी आई, पॉलिसी घेणारे बाबा, हिंदी जाहिरातीत मराठी बोलणारी कामवाली बाई. आणि यश कुणाला? बहुतेक वेळा गोऱ्यालाच!

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 1975 साली आलेली 'फेअर अँड लव्हली'. तिच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून वडील हळहळतात. मग सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होते, तिला हवाई सुंदरीची नोकरी मिळते आणि घरात आनंदीआनंद. म्हणजे मुलगी असणं हा एक दोष आणि सावळं असणं हा दुसरा! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली आणि 2003 मध्ये ही जाहिरात बंद झाली.

तक्रारीला कायद्याचा आधारही आहे, बरं का. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधल्या सातव्या नियमाप्रमाणे वंश, जात, रंग यांची हेटाळणी करणारी जाहिरात चालत नाही. मुंबईच्या 'ॲस्की' या जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये गोरेपणाच्या आणि 2022 मध्ये स्त्री-पुरुष साच्यांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2020 मध्ये क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं.

पण नाव बदललं म्हणून साचा मोडला का? माझी एक रूममेट मेसच्या खर्चातून पैसे वाचवून कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी उजळ करणारी क्रीम आणते. प्रोजेक्टमध्ये ती आमच्या बॅचमध्ये एक नंबर! आपला भंडारा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बायकांच्या कष्टावर इथली घरं चालतात, आपल्यापैकी कित्येकांची फीसुद्धा भरली जाते. त्यांच्या रंगाला कमी लेखणारा तो तीस सेकंदांचा मॉडेल कोण?

म्हणून जाहिरात बघताना तीन प्रश्न विचारा. काम कोण करतंय? सल्ला कोण देतोय? कुणाला कमी दाखवलंय? उत्तर खटकलं तर 'ॲस्की'कडे कोणीही तक्रार करू शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. आणि रूममेटला इंटरव्ह्यूआधी काही द्यायचंच असेल, तर ॲप्टिट्यूडच्या नोट्स द्या.