विजेची मालवाहू स्कूटर : घेण्याआधीची पारख



तागा विकत घेताना आम्ही तो उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, भिंग लावून ताणा-बाणा मोजतो आणि तुकडा पाण्यात भिजवून तो किती आटतो तेही बघतो. दलाल कितीही जुन्या ओळखीचा असला तरी ही पारख आम्ही सोडत नाही. पण विजेची स्कूटर घेताना हीच पारख आम्ही सोडली आणि त्याची किंमत मोजली. आमच्या पेढीवर हल्ली अनेक बंधू "कोणती गाडी घ्यावी?" असे विचारत येतात. त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

२०२१ साली शिवणकाम करणाऱ्या घरांपर्यंत कापड पोहोचविण्यासाठी आम्ही एक स्कूटर घेतली. विक्रेता म्हणाला, "लायसन्स नको, पासिंग नको, एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर." आम्ही ती रिकामीच दुकानासमोर एक फेरी फिरवली, रंग आवडला, पैसे मोजले. दोन गठ्ठे लादल्यावर ती जेमतेम ३५ किलोमीटर चालू लागली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बॅटरी बसली, आणि हमीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले निघाले की आत पाणी गेल्यास हमी लागू नाही. याहून मोठी गोष्ट वेगळीच. एके दिवशी नाक्यावर दुकानातल्या मुलाला अडविले गेले, तेव्हा कळले की गाडी ताशी ४० च्या वर पळते. म्हणजे तिला नोंदणी हवी, विमा हवा आणि चालविणाऱ्याला लायसन्स हवे. यातले काहीच नव्हते. त्या मुलाच्या हातून कुणाला धक्का लागला असता तर भरपाई गाडीचा मालक म्हणून आमच्यावर आली असती आणि मुलाचे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले असते. विक्रेत्याने ऐब लपविला हे खरे, पण आम्ही तो शोधलाही नाही, हेही तितकेच खरे.

१. आधी आपली गरज कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी लिहून काढा : रोज किती किलोमीटर, एका फेरीत किती किलो माल, वाटेत चढ किती आणि पावसाळ्यात किती पाण्यातून जावे लागते. घर ते मशीद ते दुकान एवढेच जाणाऱ्याची गाडी वेगळी, आणि भिवंडीहून कल्याणला गठ्ठे नेणाऱ्याची वेगळी. दोघांनी एकच गाडी घेतली तर एकाचे पैसे वाया जातात, नाहीतर दुसऱ्याची गाडी मोडते. उत्पादकाने वजन वाहण्याची क्षमता दिलेली असते. तिच्यात चालविणाऱ्याचे वजनही धरलेले आहे का, हे विचारा. ७० किलोचा माणूस बसल्यावर मालाला किती उरते, हा खरा आकडा.

२. "लायसन्स नको" याचा अर्थ

आपल्या मोटार वाहन नियमांत सूट आहे, पण ती मर्यादित आहे. मोटरची ३० मिनिटांची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरीशिवाय गाडीचे वजन ६० किलोपर्यंत, आणि या सर्वांची मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासणी झालेली, तरच ती गाडी "मोटार वाहन" धरली जात नाही. अशी चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. विक्रेत्याकडे त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचे मॉडेलचे नाव गाडीवरच्या पट्टीशी ताडून पाहा.

पुष्कळदा कागदावर वेग २५ असतो आणि दुकानात एक वायर काढून तो ४०-४५ करून दिला जातो. विक्रेता हे मेहरबानी म्हणून सांगतो. ती मेहरबानी नव्हे, बेकायदा फेरफार आहे. अशा गाड्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ साली मोहीमही काढली होती. शिवाय दोन गठ्ठे घेऊन उड्डाणपूल चढायचा असेल तर पाव किलोवॅटची मोटर दमते. मालवाहतुकीसाठी नोंदणी होणारी, हिरव्या नंबरप्लेटची गाडीच घ्यावी, असे आमचे मत झाले आहे. विमा आणि लायसन्सचा खर्च हा खर्च नव्हे, संरक्षण आहे.

३. बॅटरी म्हणजेच गाडी

विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. बाकी सांगाडा, चाके, दिवे हे सगळे दुरुस्त होते. म्हणून आपण गाडी घेत नसून बॅटरी घेत आहोत, असे समजूनच सौदा करावा.

बॅटरीचे माप काढणे सोपे आहे. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणा. ६० व्होल्ट आणि ३० अँपिअर-तास म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये, म्हणून त्यातले ८० टक्के, म्हणजे १४४० धरा. माल लादलेली स्कूटर आमच्या वहीतल्या नोंदींप्रमाणे किलोमीटरला सुमारे ३५ वॅट-तास खाते. भागाकार केला की उत्तर येते ४१ किलोमीटर. जाहिरातीतला ८० चा आकडा ठरावीक वेगाच्या, हलक्या वजनाच्या चाचणीतला असतो. तो खोटा असतोच असे नाही, पण तो आपला नव्हे.

बॅटरी कशाची आहे हेही विचारा. लेड-ॲसिड स्वस्त, पण जड आणि अल्पायुषी. लिथियममध्ये दोन प्रकार जास्त दिसतात. एनएमसी वजनाला हलकी आणि तेवढ्याच जागेत जास्त वीज साठविणारी. एलएफपी थोडी जड, पण उष्णता जास्त सोसणारी आणि अधिक वेळा चार्ज होणारी. ओझे वाहणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला आम्ही एलएफपीच पसंत करू. बॅटरीवर आयपी ६७ असे लिहिलेले आहे का ते पाहा. त्यातला ६ म्हणजे धुळीपासून पूर्ण बचाव आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी. आम्ही हा आकडा पाहिला असता तर पहिला फटका टळला असता.

४. ओझ्यासह, आपल्याच रस्त्यावर

दुकानासमोरची रिकामी फेरी म्हणजे तागा न उलगडता घेतलेले कापड. नेहमीचे गठ्ठे घेऊन जा, विक्रेत्यासमोर लादा आणि आपल्या रोजच्या वाटेने निदान १०-१५ किलोमीटर फिरा. नकार मिळाला तर दुकान बदला.

या फेरीत पाच गोष्टी पाहा. एक, चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी उचलते की कण्हते. दोन, चढ संपल्यावर मोटरजवळ हात नेऊन पाहा, चटका बसण्याइतकी तापली आहे का. तीन, निघताना आणि परतताना बॅटरीची टक्केवारी लिहून घ्या. १० किलोमीटरला ३० टक्के गेले, तर ३५ च्या पुढे ती जाणार नाही. चार, ओझ्यासह ब्रेक दाबून गाडी किती अंतरात थांबते. मालवाहू गाडीला पुढे डिस्क ब्रेक असलेला बरा.

पाचवी गोष्ट स्प्रिंगची. ही रीत डोंगरी सायकलवाल्यांची आहे. युरोपात डोंगरउतारासाठी विजेच्या सायकली मिळतात, त्यांच्या सस्पेन्शनचा खेळ १६० ते १८० मिलिमीटर एवढा लांब असतो. ती घेणारा माणूस आधी स्वतः बसून स्प्रिंग किती दबते ते मोजतो. साधारण ३० टक्के दबली तर ठीक, कारण उरलेला खेळ खड्ड्यासाठी लागतो. आपल्या स्कूटरचा खेळ त्याहून बराच कमी असतो, म्हणून आपल्याला हे मोजणे जास्तच गरजेचे. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटच्या कडेपर्यंत कापडाच्या टेपने माप घ्या. मग माणूस आणि माल चढवून पुन्हा घ्या. दोन्ही मापांतला फरक पूर्ण खेळाच्या निम्म्याहून जास्त आला, तर प्रत्येक खड्ड्याचा दणका सांगाड्याला, बॅटरीच्या जोडांना आणि चालविणाऱ्याच्या कमरेला बसणार. पूर्ण खेळ किती, हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे.

५. चार्जिंगची जागा

हा मुद्दा कृपया हलका घेऊ नका. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला खाली विजेच्या स्कूटरचे दुकान आणि वर लॉज अशा इमारतीत आग लागली. धूर वर चढला आणि ८ माणसे गेली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम, ज्यांना एआयएस-१५६ म्हणतात, कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर दहादा विचार करा.

आपल्या वस्तीची रचना आठवा. खाली माल किंवा लूम, वर बिऱ्हाड आणि दोघांमध्ये एकच अरुंद जिना. कारखान्यात सुताचा भुगा उडत असतो, त्याला ठिणगी पुरते. म्हणून गाडी जिन्याखाली, दाराच्या वाटेत किंवा तागे व सूत यांच्याजवळ चार्जिंगला लावू नये. रात्री सगळे झोपलेले असताना लावू नये. धावून आलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी, मग लावावी. चार्जर कंपनीचाच वापरावा, प्लग स्वतंत्र आणि अर्थिंगचा असावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी गल्लीतल्या कारागिराकडून उघडवून घेऊ नये. अशी सुरक्षित जागा तुमच्याकडे नसेल, तर आमचा सरळ सल्ला आहे की सध्या गाडी घेऊ नका.

६. हिशेब पुरा मांडा

समजा रोज ३० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तर वर्षाला २०,००० रुपये. विजेच्या गाडीला चार्जरमधली घट धरून किलोमीटरला ४० वॅट-तास, म्हणजे वर्षाला ३६० युनिट. १० रुपये युनिट धरले तर ३,६०० रुपये. वाचले १६,४००. विक्रेता इथेच थांबतो. आपण पुढे जायचे. बॅटरी ३६,००० रुपयांची आणि चार वर्षांची धरली, तर दरवर्षी ९,००० तिच्यासाठी बाजूला ठेवावे लागतात. खरी बचत ७,४०० ची.

आता रोज १० किलोमीटरच चालविणाऱ्याचा हिशेब करा. त्याची वर्षाची बचत ५,५०० च्याही आत राहते, आणि बॅटरी कमी चालवली तरी वयाने म्हातारी होतच असते. त्याला घाई करण्याचे कारण नाही. सवलतीवरही भिस्त ठेवू नका. केंद्राच्या फेम-२ योजनेत दुचाकीला मिळणारी मदत जून २०२३ मध्ये किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपयांवर आली आणि मार्च २०२४ ला ती योजनाच संपली. सवलत नसतानाही जमेल तोच सौदा खरा. हप्त्यांवर घेणार असाल तर व्याजाचा प्रश्न आधी आपल्या आलिमांसमोर ठेवा, सही नंतर करा.

७. सौदा लिहून घ्या

हमी किती वर्षे, किती किलोमीटर, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळेल, पाणी शिरले तर काय, नवी बॅटरी केवढ्याला आणि दुरुस्ती आपल्याच शहरात होते का, हे सगळे बिलावर किंवा वेगळ्या कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्या. बिलावर बॅटरीचा व मोटरचा नंबर असावा. वाद झाला तर जिल्हा ग्राहक आयोगासमोर हाच कागद बोलतो, तोंडचे शब्द नाही.

आपल्या फिकहाने ही वाट केव्हाच दाखविली आहे. खियार-ए-ऐब म्हणजे मालात लपलेला दोष निघाल्यास सौदा परत करण्याचा हक्क. खियार-ए-शर्त म्हणजे पसंत न पडल्यास ठरल्या मुदतीत परत देण्याची अट, आणि हनफी मताप्रमाणे इमाम अबू हनीफा यांनी ती तीन दिवसांची धरली आहे. ही अट विक्रेत्यासमोर मांडायला लाजू नका. आम्ही पुढच्या गाडीच्या वेळी ती मांडली आणि विक्रेत्याने हसत का होईना, मान्य केली.

प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती ऐकताना आम्ही नेहमी स्वतःला विक्रेत्याच्या जागी ठेवून सावध होत आलो. त्या स्कूटरनंतर कळले की तिच्यात खरेदीदारासाठीही धडा आहे. ढीग वरून कोरडा दिसत होता, ओल हात आत घातल्यावरच कळली.

तेव्हा बंधूंनो, हात आत घालून पाहा. अल्लाह तआला आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपल्या मुलांना रस्त्यावर सुखरूप ठेवो. आमीन.