गुडघ्याची तुटलेली शीर : जुन्या दुखापतीवरही इलाज आहे



तोडणीत कोयता निसटून गुडघ्याला लागतो, बांधावरून पाय घसरून झटका बसतो. जखमेला टाके पडतात, सूज उतरते आणि गडी म्हणतो, "झालं बरं." पण पाय ताठ उचलत नसेल तर काहीच बरे झालेले नाही.

गुडघ्याच्या वाटीच्या वर एक व खाली एक अशा दोन जाड, दोरासारख्या कंडरा असतात. आपण त्यांना शिरा म्हणतो. मांडीची ताकद त्यांच्यामार्फतच नडगीपर्यंत पोचते. एक जरी पुरती तुटली तरी पायरी चढताना, सरीत उतरताना गुडघा एकदम दुमडतो.

घरची परीक्षा सोपी आहे. उताणे निजून, गुडघा न वाकवता टाच वीतभर उचलावी. उचलत नसेल किंवा वाटीच्या वर-खाली खड्डा लागत असेल, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. चोळण्या-शेकण्यात दिवस घालवू नयेत.

पहिल्या २-३ आठवड्यांत टोकाला टोक शिवता येते. सुमारे ६ आठवडे उलटले की स्नायू आखडतो, टोके दूर जातात. कासऱ्याचेही तसेच. ताजा तुटला तर गाठ बसते, टोके पुरेनाशी झाली की मध्ये नवा दोर घालावा लागतो. डॉक्टर बहुधा मांडीच्या मागची कंडरा घेऊन ती हाडाला पाडलेल्या भोकांतून ओवतात.

ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे पट्टा बांधून पाय जपावा लागतो. मग हळूहळू वाकवणे व मांडीचा व्यायाम. जड कामाला ६ महिने ते वर्ष लागते. बहुतेकांना पाय ताठ उचलता येतो, आधाराविना चालता येते. मात्र मांडी थोडी बारीक राहते, उकिडवे बसणे काहींना पुरते जमत नाही. ताज्या दुखापतीचा निकाल याहून चांगला लागतो, म्हणून उशीर नको.

हंगाम आहे म्हणून ताजी दुखापत लांबवू नये. जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तारीख ठरवावी व त्या वर्षी तोडणी-बांधणीला दुसरा माणूस आधीच पाहावा. व्यायाम अर्धवट सुटला तर ऑपरेशनचे फळ हाती येत नाही.

मुकुटबन भागातील सभासदांना यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे मेडिकल किंवा १९६९ साली सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय येथे सल्ला घेता येईल. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड न्यावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला इलाज बसतो का, हे तेथील आरोग्यमित्रांना आधी विचारावे.

— ऊस विकास अधिकारी