पैसे घ्यायला पिन लागत नाही!

मैत्रिणींनो, धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या बांबूच्या राख्या मेळघाटाबाहेर पोचल्या. आपल्या हातची वस्तूही मोबाईलवरून विकता येते. फक्त दोन गोष्टी पक्क्या करा.

१) भाव: समजा, एका तोरणाला साहित्य ६० रुपये, मजुरी १०० आणि खोका-कुरिअर ६० लागले. मग २२० च्या खाली देऊच नका. आपली मजुरीच धरायची राहून जाते!

२) पैसे: गिऱ्हाईक म्हणते, 'पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका.' थांबा! पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन लावा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एका वस्तूचा हिशोब मांडून आणावा.