धर्म शिकवायचा की धर्मांविषयी शिकवायचं?



मी भंडारा जिल्ह्यात सहावी-सातवीला शिकवते. मागे वर्गातल्या एका मुलीची आजी वारली. चार दिवसांनी ती शाळेत आली, तेव्हा एका मुलानं विचारलं, "मॅडम, मेल्यावर माणूस कुठं जाते?" मी पटकन आमच्या घरी सांगतात तेच सांगितलं, की अग्नी दिला म्हणजे आत्मा मोकळा होतो. ती मुलगी हळूच म्हणाली, "पण आम्ही त आजीला मातीत ठेवलं."

चूक माझी होती. माझ्या घरची श्रद्धा मी सगळ्या वर्गाचं उत्तर म्हणून सांगितली. ही मुलं आता हायस्कूलला जातील, तिथं असे प्रश्न वाढतीलच. मग आपण काय करायचं?

आधी कायदा पाहू. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत असं शिक्षण दिलं जात असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. पण धर्मांविषयी अभ्यास करायला या कलमाची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे "असं माना" हे सांगायचं नाही. "लोक असं मानतात, का मानतात ते समजून घेऊ" हे चालतं.

आपल्या पुस्तकांत याची सुरुवात आहेच. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांचा पाठ आहे. मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत सर्वधर्मसहिष्णुता आहे, तसा वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे. अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे विषय आहेत, पण ते घेतले तरच. मधली आठवी ते दहावीची वर्षं मात्र शिक्षकांच्या हातात आहेत.

वर्गात मी तीन प्रश्न वेगवेगळे ठेवते.

१) धर्म : लोक काय मानतात, काय करतात?
"आमच्या घरी..." अशीच वाक्याची सुरुवात करायची, हा नियम. "तुमच्यात असंच असते" असं कोणी म्हणायचं नाही.

२) तत्त्वज्ञान : हे खरं कशावरून? "मला माहीत नाही" हे उत्तरही चालतं, अगदी शिक्षकाचंसुद्धा.

३) नीती : मी कसं वागावं? इथं मी धानाच्या बांधीचं उदाहरण घेते. वरच्या बांधीत पाणी भरलेलं आहे, खालच्या बांधीतला धान वाळतोय. रात्री जाऊन धुरा फोडला तर ती चोरी की हक्क? वरच्यानं पाणी अडवलं तो अन्याय की त्याची मेहनत? मुलं तावातावानं भांडतात. मग बाजू बदलून बोलायला लावायचं. खरा पाठ तिथं सुरू होतो.

शक्य असेल तर पवनीला सहल काढा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्याच गावात पंचमुखी गणेशाचं मंदिर आहे. चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट्ट भांडारेकर यांच्या तर नावातच आपला भंडारा आहे. एका जिल्ह्यात किती वाटांनी माणसं विचार करत आली, हे मुलांना चालता-बोलता कळतं.

पालकांना एक भीती वाटते, की दुसऱ्यांचं ऐकून आपलं मूल आपलं सोडून देईल. माझा अनुभव उलटा आहे. त्या आजीच्या प्रसंगानंतर मी मुलांना सांगितलं, घरी मोठ्यांना विचारून या, आपल्याकडे निरोप कसा देतात आणि का? बऱ्याच मुलांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. कोणी दहनाचं सांगितलं, कोणी दफनाचं. ती मुलगी शेवटी उठली आणि आजीजवळ काय काय ठेवलं, कोण काय बोललं, हे सगळं सांगितलं. वर्ग शांत बसून ऐकत होता.

पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं नसतं, तर हे तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तुमच्या वर्गात किंवा घरी असा प्रश्न आला, तर आधी एवढंच विचारा, "तुला काय वाटतं?"