‘पर्युषित’ आणि बासी : सतराव्या अध्यायातील एका शब्दाचा विचार

गीतेच्या सतराव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात तामस प्रकृतीच्या मनुष्यास कोणता आहार प्रिय असतो, हे सांगितले आहे. त्यातील ‘पर्युषित’ या शब्दाचा अर्थ शांकरभाष्यानुसार, शिजविल्यानंतर ज्यावरून एक रात्र गेली ते अन्न, असा होतो. मराठीत आपण ‘शिळे’ म्हणतो. हिंदी भाषांतरकार बहुधा ‘बासी’ हा शब्द योजतात. कोशाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. परंतु हेच भाषांतर रायपुरात वाचले जाते तेव्हा अडचण उभी राहते. कारण छत्तीसगढात बासी हे अन्नाच्या दोषाचे नाव नसून एका जेवणाचेच नाव आहे.

रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवावा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, असल्यास चटणी किंवा पालेभाजी घेऊन त्या पाण्यासह खावा, ही बासी. त्याच दिवशीचा भात निववून पाण्यात घातला तर ते बोरे. धानाच्या बांधावर ही न्याहारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या भट्ट्यांपुढे उभे राहून घाम गाळणाऱ्यास पाणी, मीठ व अन्न एकाच भांड्यातून मिळते, ही सोय काही लहान नव्हे. ओडिशाचा पखाळ हे याचेच भावंड होय. आणि तो तर जगन्नाथाच्या नैवेद्यातही असतो.

मग बासी खाणारा तामस ठरतो काय? तसे म्हणणाऱ्याने प्रकरणाचा आरंभ पुन्हा वाचावा. सातव्या श्लोकापासून भगवान आहाराच्या आवडीविषयी बोलत आहेत. अन्नाची निवड करता येत असताना मन कोठे धावते, त्यावरून ज्याने त्याने आपली श्रद्धा ओळखावी, एवढाच त्याचा रोख आहे. पहाटे कामावर जाणाऱ्या घरातील भांडे हा आवडीचा विषय आहे की प्राप्त परिस्थितीचा, हे आधी पाहावे लागेल. रामानुजाचार्यांनी ‘पर्युषित’ म्हणजे कालगतीने चव पालटलेले, असा अर्थ केला आहे. त्या अर्थाने दहीही सुटणार नाही! परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबट झालेल्या पदार्थांतून दह्याला, आणि शिळ्या पदार्थांतून स्नेहयुक्त अन्नाला, जव-गव्हाच्या पदार्थांना व दुधाच्या विकारांना स्पष्ट सूट दिलेली आहे. अर्थात शास्त्रकारांनाही केवळ घटिका मोजावयाच्या नव्हत्या. जे खरोखर नासले, दुर्गंधी झाले, त्याला श्लोकात ‘पूति’ हा वेगळा शब्द आहे. ते कोणीच खाऊ नये, मग ते बासी असो वा श्रीमंताच्या शीतकपाटातील मिष्टान्न असो.

तिसऱ्या अध्यायातील तेरावा श्लोक तर याहून कठोर आहे. जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच भक्षण करितात, असे तेथे म्हटले आहे. ताज्या, साजूक, पण एकट्याने खाल्लेल्या ताटावर त्याचा आघात होतो. आश्चर्य हे की सतराव्यातील तो एक शब्द पुष्कळांच्या ओठी असतो; तिसऱ्यातील हा श्लोक मात्र जेवणाच्या वेळी सहसा आठवत नाही.

2022 च्या 1 मे रोजी, कामगारदिनी, छत्तीसगढचे तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या आवाहनावरून मंत्री व अधिकारी यांनीही बोरे-बासी खाल्ली. त्यात राजकारण किती, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. श्रेष्ठ जे आचरितो तेच इतर करितात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन लक्षात घेता त्या दिवशी अनेकांचा डबा उजळ माथ्याने उघडला गेला असेल. तथापि वर्षातून एक दिवस बासी खाणे सोपे आहे. कचेरीतील किंवा कारखान्यातील वरिष्ठाची खरी परीक्षा उरलेल्या दिवसांत होते. हाताखालचा मनुष्य भिंतीकडे तोंड करून जेवतो काय? त्यास बसावयास सावली आणि हात धुण्यास पाणी आहे काय? 1948 च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात विसाव्याची व भोजनाची खोली ठेवणे आवश्यक केले होते. कामगाराने घरून आणलेले अन्न तेथे बसून खावे, हाच तिचा हेतू. खोली कायद्याने बांधता येते. तिच्यात कोणी कोणाशेजारी बसावे, हे वरिष्ठाच्या वागणुकीवरच अवलंबून राहते.

रायपूरचे माधवराव सप्रे (1871–1926) यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणिले. त्या नगरीतील मराठी घरांत गोपाळकाला परका नाही. भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या अध्यायात त्याचे मूळ पाहावे. यमुनेच्या वाळवंटी गोपाळ कृष्णाभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखे बसले आहेत; कोणाची शिदोरी फुलांवर, कोणाची पानावर, कोणाची दगडावर. प्रत्येक जण आपापल्या अन्नाची निराळी चव दुसऱ्यास दाखवून हसत आहे. मध्यभागी बसलेल्या कृष्णाच्या डाव्या हातात एक मऊ घास आहे. श्रीधरस्वामी त्यावर लिहितात की तो घास दहीभाताचा होता.