एसएटीच्या तारखा उलट्या मोजा

2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या 'अर्ली' अर्जांची मुदतही त्याच दिवशी संपत होती. पुण्यातल्या बारावीच्या एका मुलीचे निबंध लिहून झाले होते, शिक्षकांची शिफारसपत्रं पोहोचली होती. घोडं अडलं होतं एसएटीपाशी.

ऑगस्टची परीक्षा तिने सोडली, कारण त्याच आठवड्यात कॉलेजची चाचणी होती. ऑक्टोबर आहे की, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सप्टेंबरात नाव नोंदवायला बसले, तर पुण्यातली केंद्रं भरलेली. मिळालं ते मुंबईचं. 5 ऑक्टोबर म्हणजे नवरात्रातली तिसरी माळ. घरचे घट सोडून आई मुलीला घेऊन आदल्या दिवशीच मुलुंडला मावशीकडे मुक्कामाला गेली. त्यात लॅपटॉप वडिलांच्या कंपनीचा. त्यावर परीक्षेचं 'ब्लूबुक' ॲप टाकायला कंपनीची परवानगी हवी, म्हणून ऐनवेळी मावसभावाचा लॅपटॉप घेतला. सव्वादोन तासांच्या परीक्षेआधी एवढी दमछाक!

निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. गणित उत्तम, इंग्रजीने मात्र दगा दिला. पुढची परीक्षा होती 2 नोव्हेंबरला, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"मी आता प्रत्येकाला सांगते, अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत या," असं तिची आई म्हणते. हिशेब तसा सोपा आहे. 1 नोव्हेंबरच्या आधी दोन आठवडे निकालाचे गेले, म्हणजे हातात गुण घेऊन अर्ज करायचा तर ऑक्टोबरची परीक्षा शेवटची. ती राखीव ठेवायची. मुख्य प्रयत्न ऑगस्टचा आणि पहिला त्याच्याही आधीचा, अकरावी संपतानाच्या मे किंवा जूनमधला. भारतातल्या मुलांना हे फार लवकर वाटतं, पण बारावीच्या पहिल्या सत्रात चाचण्या, जेईईचा क्लास आणि निबंध एकदम अंगावर येतात, तेव्हा मे-जूनची किंमत कळते.

काही विद्यापीठं अर्ली अर्जासाठी नोव्हेंबरचे गुणही घेतात. एमआयटी त्यातलं एक. पण तेव्हा आपले गुण न बघताच अर्ज जातो. 'अर्ली डिसिजन' असेल, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचं वचन दिलेलं असेल, तर हा जुगार कशाला खेळायचा? या मुलीने तो खेळला नाही. अर्ज जानेवारीच्या 'रेग्युलर' फेरीत ढकलला आणि 7 डिसेंबरला पुन्हा परीक्षा दिली, प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करता करता.

मुळात परीक्षा लागते का, हे आधी पाहावं. कोविडच्या काळात बहुतेकांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीने 2022मध्ये सक्ती परत आणली, डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी 2024मध्ये. येलला एसएटीऐवजी इतर काही परीक्षांचे गुणही चालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कलीसारखी केंद्रं मात्र प्रवेशासाठी एसएटीकडे बघतच नाहीत. यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश-पानावर 'शेवटची ग्राह्य परीक्षा' कोणती ते त्याच वर्षीचं वाचावं. गेल्या वर्षी गेलेल्या दादा-ताईच्या माहितीवर विसंबू नये.

आपल्याकडचा एक खास घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. नोंदणी करताना परीक्षेला जे ओळखपत्र नेणार, त्यावरचंच नाव अक्षरन् अक्षर टाकावं; दुरुस्तीला वेळ लागतो आणि केंद्राच्या दारात कुणी ऐकून घेत नाही.

अधिकृत गुणपत्रक विद्यापीठाला पोहोचायलाही काही दिवस जातात. पुष्कळ विद्यापीठं अर्जात स्वतः भरलेले गुण आधी मान्य करतात आणि अधिकृत पत्रक प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. सगळी नाहीत, म्हणून तेही आधीच पाहून ठेवावं.